एका हातात दोरी, गळ्यात कॅमेरा : कुत्र्यासोबत खान्देशच्या शिवारात फोटोग्राफी शिकताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कित्येक घरांत हल्ली लॅब्राडोर असतो. पोळ्या खाऊन सुटलेला, दिवसभर पंख्याखाली आडवा. त्याच घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक कॅमेरा असतो, कुणाच्या तरी लग्नाच्या वेळी घेतलेला आणि मोबाईल आल्यावर मागं पडलेला. आणि तासाभराच्या अंतरावर काकांचं नाहीतर मामाचं वावर असतं. उघड्यावरचे फोटो काढायला शिकायचं असेल तर या तीन गोष्टी एकत्र आणा. सध्या नवीन काही विकत घेऊ नका.

बहुतेक नवशिक्यांना पहिल्या दिवसापासून पक्षी टिपायचे असतात. पण पक्षी नवशिक्याला दाद देत नाही. फोकस लागेपर्यंत तो पुढच्या बाभळीवर गेलेला असतो, आणि चूक कुठं झाली हे समजण्याआधीच सकाळ संपते. कुत्र्याचं तसं नाही. तो धावतो, थांबतो, परत येतो, पुन्हा धावतो. तुमचे दोनशे फोटो बिघडले तरी त्याची तक्रार नसते. शिवाय झुडपात कोण बसलंय हे त्याला तुमच्या आधी कळतं. म्हणून माझा क्रम असा: आधी कुत्र्याचे फोटो नीट यायला हवेत, मग कुत्रा काय सांगतोय ते ओळखता यायला हवं, पक्षी त्यानंतर.

या कुत्र्यांचं मूळ काम, आणि आपल्याकडची मर्यादा

युरोप-अमेरिकेत पक्ष्यांच्या शिकारीसाठी खास जाती तयार झाल्या. पॉइंटरला वास लागला की तो जागच्या जागी थिजतो. नाक वासाच्या दिशेनं, पुढचा एक पाय उचललेला, शेपटी सरळ. सेटर तसाच थांबतो, पण पुष्कळदा अंग खाली दाबून. स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उठवतो. रिट्रीव्हर पडलेला पक्षी दात न लावता मालकाकडं आणून देतो, आणि आपला लॅब्राडोर याच रिट्रीव्हर घराण्यातला. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांसोबत राबणाऱ्या कुत्र्यांपासून ब्रिटनमध्ये ही जात घडली आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबनं तिला मान्यता दिली. तुमच्या टॉमीला चेंडू परत आणायचं वेड असतं ते त्या वारशामुळंच. तिकडं कुत्रा काम करत असतानाचे फोटो काढायचा शौक चांगलाच रुजलेला आहे, आणि त्यातली पुष्कळशी तंत्रं आपल्याला जशीच्या तशी चालतात.

शिकार मात्र आपल्याकडं चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तितर, लावे यांच्या शिकारीवर बंदी आहे, आणि कायद्यातली 'शिकार' बंदुकीपुरती नाही. जनावर पकडणं, त्याचा पाठलाग करणं, फासे लावणं, हाकणं, आमिष ठेवणं, या सगळ्याचा प्रयत्नसुद्धा त्या व्याख्येत येतो. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी छेडणंही येतं. म्हणजे चांगला फोटो मिळावा म्हणून कुत्रा सोडून तितर उठवणं ही नुसती वाईट सवय नाही, गुन्हा ठरू शकतो. यावल, अनेर धरण, गौताळा-औट्रम घाट या अभयारण्यांत कुत्रा न्यायचाच नाही. पाटणादेवीला दर्शनाला जाताना 'गाडीत बसेल तो' म्हणून घेऊन जाणारेही असतात. पाटणादेवी गौताळ्याच्या हद्दीत आहे हे त्यांच्या गावी नसतं. तेव्हा हा लेख गावच्या शिवाराबद्दल आहे. आपलं किंवा ओळखीचं वावर, बांध, पांदीचा रस्ता, पडीक बरड. आणि कुत्रा कायम दोरीवर.

दोरी आणि दोन हुकूम

दोरी आठ-दहा मीटर लांब घ्या. गळपट्ट्याला बांधू नका. छातीवरून येणारा हार्नेस घ्या, नाहीतर धावत सुटलेला कुत्रा दोरी संपल्यावर मानेला हिसका खातो. सुरुवातीला दोरी धरायला सोबत कुणीतरी असू द्या. भाचा-पुतण्या चालेल, फक्त मोबाईल खिशात ठेवणारा हवा. एकट्यानं दोरी कमरेला बांधून फोटो काढणारे लोक आहेत, पण तीस किलोचा लॅब्राडोर खारीमागं सुटला तर तुम्ही आणि कॅमेरा दोघंही बांधावरून खाली.

कुत्र्याला दोनच गोष्टी पक्क्या यायला हव्यात: 'थांब' आणि 'इकडं'. घरच्या अंगणात आठवडाभर सराव करा, मग गल्लीत, मग मोकळ्या वावरात. 'थांब' म्हटल्यावर तुम्ही दहा पावलं मागं जाऊन गुडघ्यावर बसलात तरी तो जागेवर राहिला पाहिजे. इथं बहुतेक कुत्री फसतात, कारण माणूस खाली बसला की त्यांना खेळ सुरू झाला असं वाटतं. घाई करू नका. एक पाऊल मागं, शाबासकी, दोन पावलं मागं, शाबासकी, असं वाढवत न्या. कॅमेऱ्याचा आवाजही आधी घरातच ऐकवा. काही कुत्री शटरच्या खटखटीला बिचकतात.

दोरी फोटोत दिसू नये म्हणून ती कुत्र्याच्या पलीकडच्या अंगानं जाऊ द्या, म्हणजे तुमच्या आणि दोरीच्या मध्ये कुत्रा. पण दिसली तर दिसली. मला तर दोरीसकट फोटो जास्त खरे वाटतात.

सामान

कॅमेरा जो असेल तो. सोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स कुत्र्यासाठी पुरते, ५५-२५० किंवा ७०-३०० असेल तर उत्तम. दीडशे-सहाशेचा तोफखाना आधीच घेऊ नका. तो हातात धरून कुत्रा टिपता येत नाही आणि बांधावरून चालताना खांदा निघतो. नुसता मोबाईल असेल तरी या लेखातलं निम्मं लागू आहे.

बाकी पिशवीत: बारदानाचा एक तुकडा, पिण्याचं पाणी आणि कुत्र्यासाठी वेगळं पाणी, पसरट भांडं, चिमटा, जुना सुती गमछा, लेन्स पुसायचं कापड, हवा मारायचा छोटा ब्लोअर. बारदान कशाला ते एकदा सराट्यावर कोपर टेकवलं की आपोआप समजतं. कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणायचा तर जमिनीवर बसावं लागतं, कधी पालथं पडावं लागतं, आणि आपल्याकडच्या बरडावर सराटे, कुसळं, बाभळीचे काटे यांचीच सत्ता.

कॅमेऱ्यावर काय लावायचं

सगळं मॅन्युअलवर न्यायची गरज नाही. शटर प्रायॉरिटी लावा (शटरचा वेग तुम्ही ठरवायचा), आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता ऑटोवर ठेवून त्याला ३२०० ची कमाल मर्यादा द्या, बाकी कॅमेऱ्यावर सोडा. बसलेल्या कुत्र्याला १/२५० सेकंदाचा शटर पुरतो, चालणाऱ्याला १/५००, धावणाऱ्याला १/१००० पासून वर. उडणाऱ्या पक्ष्याला १/२०००. हे आकडे पाठ झाले की अर्धं काम झालं.

फोकस 'सतत' वर हवा. कॅननमध्ये त्याला एआय सर्वो म्हणतात, निकॉन-सोनीत एएफ-सी. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत प्राण्याचा डोळा ओळखायची सोय असते, ती चालू करा. जुना डीएसएलआर असेल तर मधला एकच बिंदू निवडा आणि तो कुत्र्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवा. डोळा धारदार असेल तर शेपटी पुसट झाली तरी चालते. नाक धारदार आणि डोळे धूसर असतील तर फोटो गेला. लॅब्राडोरचं थोबाड लांब, त्यामुळं हे फार होतं: समोरून धावत येताना फोकस नाकावर अडकतो. त्यावर उपाय दोन. एक तर थोडा कोनातून फोटो घ्या, नाहीतर अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/५.६ किंवा एफ/८ पर्यंत बंद करा, म्हणजे नाकापासून कानापर्यंत सगळं साफ येईल. त्यासाठी अॅपर्चर प्रायॉरिटीवर जावं लागेल. मग शटर हजाराच्या खाली घसरत नाही ना, हे बघत राहा.

सलग फोटोंची सोय चालू ठेवा, पण बोट दाबून धरू नका. तीन-चार फोटोंची छोटी फैर, थांबा, पुन्हा फैर. बोट दाबून ठेवणाऱ्याचा कॅमेरा नेमक्या क्षणी अडकतो, कारण आधीचे फोटो कार्डावर लिहायचं काम त्याचं चालू असतं.

मोबाईलवाल्यांसाठी: २एक्स किंवा ३एक्स ची खरी लेन्स असेल तर तीच वापरा, बोटांनी झूम ताणू नका. कुत्र्यावर बोट टेकवून धरा, फोकस कुलूपबंद होतो. मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा. खान्देशातल्या उन्हात मोबाईल हमखास जास्त उजळ फोटो काढतो.

काळी माती आणि पांढरा कापूस

या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या. खान्देशात उजेड शिकायला निसर्गानंच दोन टोकं दिली आहेत.

कॅमेऱ्याचं मोजमाप एका गृहीतावर चालतं: समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम राखाडी आहे. तसं नसेल तर तो ते ओढून-ताणून तसं करतो. आता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेचणीला आलेल्या कपाशीत जा. सगळीकडं फुटलेली बोंडं. त्यासमोर कुत्रा बसवा आणि काही न बदलता फोटो घ्या. कापूस मळकट राखाडी येईल, कुत्रा काळवंडेल. कॅमेऱ्याला वाटलं उजेड फार झाला, म्हणून त्यानं सगळंच दाबलं. आता एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं चाक फिरवून +१ करा. कापूस पांढरा होईल, कुत्र्याच्या अंगावरची लव दिसायला लागेल.

मग शेजारच्या नांगरलेल्या रानात या. पाळी घातलेली काळीभोर माती, अजून दवानं ओलसर. इथं उलटं होतं. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो, आणि काळी माती सिमेंटसारखी फिकी येते. इथं -०.७ किंवा -१. तुमचा लॅब्राडोर काळा असेल तर हे दुप्पट जाणवतं: काळ्या मातीवर काळं कुत्रं म्हणजे कॅमेऱ्याची पुरती तारांबळ. अशा वेळी उजेड बाजूनं येईल असं उभं राहा, म्हणजे पाठीच्या कडेवर चमक येते आणि कुत्रा मातीपासून सुटा दिसतो. डोळ्यात उजेडाचा ठिपका दिसतोय का ते बघा. काळ्या कुत्र्याचा डोळा ठिपक्याशिवाय नुसतं भोक दिसतं.

एकाच सकाळी, एकाच कुत्र्यासोबत कपाशी आणि नांगरट दोन्हीकडं फोटो घ्या आणि घरी येऊन शेजारी शेजारी ठेवा. हे एकदा कळलं की पुढं गायबगळा, काळा कोतवाल, आभाळातली घार, सगळ्यांना हाच नियम लागू आहे. आभाळासमोर घार दिसली की +१, कारण मागं सगळं उजळ. गडद झाडीसमोर गायबगळा आला की -०.७, नाहीतर त्याची पिसं पांढरा डाग होऊन जातात. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघायची सवय लावा. आलेख उजव्या भिंतीला जाऊन चिकटला असेल तर पिसांतला तपशील गेला. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) फोटो काढत असाल तर थोडाफार परत येतो, पण त्यावर विसंबू नका.

केव्हा जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसानं हवा धुतलेली असते, धूळ बसलेली असते, सूर्य दिवसभर तिरका राहतो. जानेवारीत जळगावकडं सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळं फार लवकर उठायचीही गरज नाही. नऊ-साडेनऊपर्यंत उजेड मऊ असतो. तापी-गिरणेच्या काठानं गव्हा-हरभऱ्याच्या वावरांत धुकं उतरतं, तेव्हा मागून ऊन घेऊन कुत्र्याची कड उजळवा. नाकातोंडातून निघणारी वाफही दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सातपुड्याच्या पायथ्याला पळस फुलतो. तेव्हा मागची पार्श्वभूमी केशरी करायची असेल तर लांब लेन्स, कुत्रा झाडापासून वीस-तीस पावलं पुढं.

मार्चअखेरनंतर कुत्र्याला घेऊन जाण्यात अर्थ नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या घरात जातो आणि लॅब्राडोरला पंजे सोडले तर घाम येत नाही. त्याची सगळी मदार जिभेवर. जायचंच तर उजाडताच जा आणि साडेसातला घरी या. जमिनीला हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद लावून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजाला कसं सोसेल? धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक, चाल डगमगते, असं दिसलं तर फोटो राहू द्या. सावलीत घ्या, पोटावर आणि पंज्यांवर साधं पाणी ओता, गमछानं वारा घाला आणि सरळ जनावरांच्या डॉक्टरकडं न्या. बर्फ लावू नका.

पावसाळ्यात हिरवा रंग छान मिळतो, पण जुलैपासून कपाशीवर फवारण्या चालू असतात. कुत्रा पानं चाटतो, सरीतलं पाणी पितो. ज्या वावरात जायचं तिथं फवारणी कधी झाली हे मालकाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नका.

कुत्रा काय सांगतोय ते ओळखायचं

इथून खरी मजा. कुत्र्याचे बसलेले आणि धावणारे फोटो बऱ्यापैकी यायला लागले की कॅमेरा डोळ्याला न लावता नुसतं त्याच्याकडं बघत चालायला शिका.

लॅब्राडोर पॉइंटरसारखा थिजत नाही, पण खुणा देतो. आधी नाक जमिनीलगत जातं आणि श्वासाचा आवाज बदलतो. फुसफुस ऐकू येते. मग वळणं लहान होत जातात, म्हणजे एकाच पट्ट्यात इकडून तिकडं. शेपटीचा झोका जलद होतो आणि कंबरसुद्धा हलायला लागते. शेवटी मान वर, कान पुढं, तोंड मिटलेलं. धापणारा कुत्रा तोंड मिटतो तेव्हा समोर कुणीतरी नक्की आहे. या क्षणी 'थांब' म्हणा, दोरी आखडा आणि फोटो घ्या: कुत्र्याचा. पक्ष्याचा नाही. नाकाच्या रेषेत फोटोत मोकळी जागा सोडा, म्हणजे तो काय बघतोय ते बघणाऱ्याला जाणवतं. आडवा फोटो घेतलात तर कुत्रा एका बाजूला, बाकी सगळं वावर.

वास वाऱ्यासोबत येतो, म्हणून वाऱ्याच्या तोंडाला चाललात तर कुत्रा चांगलं काम करतो. अडचण अशी की वारा आणि ऊन कधीकधी एकाच बाजूनं येतात आणि मग सगळे फोटो सूर्याच्या समोरून निघतात. अशा वेळी मी उजेड निवडतो. कुत्र्याला वास कमी लागला तरी हरकत नाही, आपल्याला पक्षी उठवायचाच नाही.

कुत्रा 'बोलला' की पुढं जाऊ नका. बांधाच्या आडोशाला तिथंच बसा. कुत्रा शेजारी बसवा, दोरी पायाखाली दाबा आणि वाट बघा. तितराला उडायचा कंटाळा असतो. तो शक्यतो पळतो. धोका टळला असं वाटलं की तो झुडपाच्या दुसऱ्या टोकानं बाहेर येतो, जोडीनं किंवा पिलावळ घेऊन, आणि बांधावर चढून ओरडतो. 'कतीतर, कतीतर' ऐकू आलं की लेन्स त्या बाजूला वळवून ठेवा. सकाळच्या पहिल्या तासात तो ढेकळावर किंवा दगडावर उभा राहून ओरडतो, चोच उघडी, मान ताठ. नवशिक्यासाठी तितराचा यापेक्षा चांगला फोटो नाही, आणि तो मिळायला कुणाला हुसकवावं लागत नाही. लाव्याच्या नादी मात्र लागू नका. तो पायाशी येईपर्यंत दबून बसतो आणि फर्रकन उठून पन्नास पावलांवर पुन्हा गवतात पडतो. त्याच्या फोटोत हाती लागतं ते नुसतं गवत.

टिटवीचं वेगळं. ती डोक्यावर घिरट्या घालत आरडाओरडा करायला लागली, अंगावर झेपावायला लागली, तर अंडी किंवा पिल्लं तुमच्या पायाजवळच आहेत. जमिनीवरच्या चार खड्यांसारखी ती अंडी तुम्हाला दिसणार नाहीत, कुत्र्याला मात्र वास लागेल. आल्या पावली मागं फिरा. मार्च ते ऑगस्ट तर बरडावर आणि गवताळ कुरणात कुत्रा नेऊच नका, जमिनीवर घरटी करणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांचा हाच काळ.

काही ठिकाणी कुत्रा घरीच बरा. हतनूर धरणाच्या पाणथळीवर हिवाळ्यात चक्रवाक आणि इतर बदकं उतरतात. काठावर कुत्रा दिसला की अख्खा थवा उठून पलीकडं जातो. पखुर्डी (सँडग्राऊस) सकाळी थव्यानं पाण्यावर येतात, तिथंही तेच. धुळ्याजवळच्या लळिंग, लामकानीच्या गवताळ भागात गेलात तर कॅमेरा घेऊन एकटे जा.

उलट, कुत्रा सोबत असून भरपूर पक्षी मिळतात ती जागा म्हणजे चालू औत. ट्रॅक्टर किंवा बैलजोडी नांगरत असेल तर मागं गायबगळे, कोतवाल, साळुंक्या असतात. तारेवर नीलपंख आणि खाटीक टपून असतात. या पक्ष्यांना माणसाची, बैलांची सवय असते. कुत्रा बांधावरच्या निंबाला बांधा, स्वतः बारदानावर बसा आणि बगळ्यांची धांदल टिपा. १/१००० ठेवा. तासाभरात चार बरे फोटो हाती आले नाहीत तर बॅटरी तपासा.

धावता कुत्रा, फिरता कॅमेरा

एक प्रकार जरूर करून बघा. सोबत्याला बांधाच्या एका टोकाला उभं करा, कुत्रा त्याच्याकडं. तुम्ही बांधापासून वीस पावलं आत, बांधाकडं तोंड करून. शटर १/६० वर आणा. दुसऱ्या टोकावरून कुणीतरी कुत्र्याला हाक मारली की तो बांधावरून सरळ धावेल, दोरी मागं घसटत. पाय रोवून ठेवा, कमरेतून वळत कॅमेरा कुत्र्यासोबत फिरवा आणि फिरवता फिरवताच फैर घ्या. मागच्या कपाशीच्या, मक्याच्या ओळींच्या रेघोट्या होतात आणि कुत्र्याचं डोकं स्थिर येतं. पहिले चाळीस-पन्नास फोटो वाया जातील. जातातच. फोटो घेतल्यावरही क्षणभर कॅमेरा फिरवत राहा. बटण दाबताच हात थांबवला की हमखास बिघडतं.

वावरातली रीत आणि धोके

ओळखीचं वावर असलं तरी विचारूनच जा. पांदीनं जाताना कुणी अहिराणीत 'कथा चालना भो?' (कुठं चाललास भाऊ?) म्हणून विचारलं की थांबा, काय करताय ते सांगा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन फोटो दाखवा. त्यांच्या बैलजोडीचा एक फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलात तर पुढच्या वेळी शेंगा आणि चहा दोन्ही मिळतात. हरभऱ्यात, गव्हात पाय घालू नका, बांध कुठं जातो तसं जा. केळीच्या बागेत कुत्रा नेऊ नका. ठिबकच्या नळ्या चावल्या तर भरून द्यायला लागतील.

रानडुकरांसाठी वावराभोवती झटक्याची तार असते. बॅटरीवरच्या झटक्यानं कुत्रं केकाटून पळतं इतकंच, पण काही जण सरळ लाईनचा करंट सोडतात. ते बेकायदा आहे आणि जीवघेणं आहे. तार कुठं आहे हे विचारल्याशिवाय कडेनं फिरू नका. घोणस आणि नाग बांधाच्या बिळात असतात. लेन्समधून बघत मागं मागं सरकू नका. यावल-रावेरचा केळीपट्टा, शहादा-तळोद्याचा ऊस, चाळीसगावचा डोंगरपायथा, इथं बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. संध्याकाळचा सोनेरी उजेड कितीही छान असला तरी तिथं सूर्य मावळायच्या आत गाडीत बसा.

ठेलारी धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, दिसला तर लांबूनच हाक मारा. त्यांची कुत्री मेंढरांची राखण करतात आणि परक्या कुत्र्याला समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाहीत. आपला कुत्रा सोबत्याजवळ लांब सावलीत ठेवून एकटे जा. धनगरानं 'ये' म्हटलं तर मेंढरं, धूळ, सकाळचं तिरकं ऊन, असे फोटो मिळतात की लॅब्राडोरची आठवणही येणार नाही.

रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) यांच्या लसी वेळेवर हव्यात. डिस्टेंपर कुत्र्याकडून कोल्ह्या-लांडग्यांत जातो, तेव्हा ही लस त्यांच्यासाठीही आहे.

घरी आल्यावर

आधी कुत्रा, मग कार्ड. पंज्याच्या बोटांमधे, काखेत, कानाच्या आत बोटं फिरवून बघा. कुसळी गवताचं कुसळ एका दिशेनंच आत सरकतं. केसात अडकलेलं आज चिमट्यानं निघतं, आठवड्यानं कातडीत शिरून गाठ होते. कुत्रा एकाच कानाला सारखं झटकत असेल तर आत कुसळ आहे असं धरून डॉक्टरकडं न्या, स्वतः खोल कोरू नका. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. पाणी पाजा.

मग कॅमेरा. लेन्स कापडानं पुसण्याआधी ब्लोअर मारा. आपल्याकडची माती बारीक आहे, घासली तर काचेवर चरे पडतात. वावरात लेन्स बदलली असेल तर आभाळाचा एक फोटो एफ/१६ वर काढून बघा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात.

कार्डावर चारशे फोटो असतील. त्यातले डोळा धूसर असलेले सगळे आधी काढून टाका, मग कान किंवा पंजा चौकटीबाहेर कापला गेलेले. उरलेल्यांतून पाच ठेवा. प्रत्येकाचा शटर, अॅपर्चर, आयएसओ आणि कॉम्पेन्सेशन वहीत लिहा, शेजारी एक शब्द: कपाशी, नांगरट, धुकं, औत. पुढच्या हिवाळ्यात ही वहीच कामाला येते.

फोटो टाकताना मोबाईलमधलं ठिकाण बंद करा. कुत्र्याच्या, बैलांच्या फोटोवर गावाचं नाव लिहिलं तर बिघडत नाही, घरट्याच्या किंवा दुर्मिळ पक्ष्याच्या फोटोवर नको. रानपिंगळ्याचा १८८४ नंतर ठोस पुरावा नव्हता, तो ११३ वर्षांनी, १९९७ साली, आपल्याच शहाद्याच्या बाजूला पुन्हा सापडला. असा एखादा पक्षी तुमच्या फोटोत आला तर नुसतं 'सातपुडा' लिहा, आणि नक्की जागा वनविभागाला कळवा.